"पिक्चर कसा होता?" : देवणीच्या तंबूतले दोन हवालदार आणि माझा चुकलेला प्रश्न



पेटची तयारी करणाऱ्या तिघाचौघांनी मागच्या महिन्यात जवळपास एकच प्रश्न विचारला. "ताई, विषय सुचलाय, पण त्याची साधनं कुठून आणायची?" उत्तर देताना मला माझ्याच पहिल्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य आठवलं. ते असं होतं : "ग्रामीण मराठवाड्यातील प्रेक्षकांनी विनोदी मारधाडपटांना उत्स्फूर्त प्रतिसाद दिला." सरांनी त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले : "कशावरून?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी देवणीची. तंबूतल्या पिक्चरच्या गोष्टी ऐकत वाढलेली. लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे, हे मला ठाऊक होतं. पण "मला ठाऊक आहे" हे इतिहासात साधन होत नाही. त्या दोन शब्दांचं उत्तर शोधायला मला दोन वर्षं लागली. आजचा लेख त्याच शोधाबद्दल आहे. तुमचा विषय चित्रपट नसेल, शेती, शाळा, जात्रा काहीही असेल, तरी अडचण हीच येणार आहे : जे लोक लिहून ठेवत नाहीत, त्यांचं मत कसं शोधायचं?

आधी चित्रपट कोणते, ते पाहू

मी दोन चित्रपट निवडले. दोन्हींत पोलिसांची जोडी आहे, आणि दोन्हींत ती विजोड आहे.

पहिला 'पांडू हवालदार', १९७५ सालचा. दादा कोंडके यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. त्यात दादांचा भोळाभाबडा पांडू आणि अशोक सराफ यांचा इरसाल सखाराम हे दोन हवालदार आहेत. हुद्दा एकच, स्वभाव मात्र दोन टोकांचे. अशोक सराफ खऱ्या अर्थाने घराघरांत पोचले ते याच भूमिकेमुळे. संगीतकार रामलक्ष्मण हे नावही याच चित्रपटापासून ऐकू येऊ लागलं.

दुसरा 'दे दणादण', १९८७ सालचा, महेश कोठारे यांचा. इथे कोठारे यांचा रुबाबदार फौजदार आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा वेंधळा हवालदार अशी जोडी आहे, म्हणजे हुद्दाही वेगळा आणि डोकंही वेगळं. या वेंधळ्या हवालदाराला अचाट शक्ती मिळते, आणि लाल रंग दिसला की ती जाते. हाणामारी इथे खूप जास्त आहे, अगदी नावापासूनच.

आता तुम्ही म्हणाल, ही जोडी हॉलिवूडकडून आली. थोडं खरं आहे. लॉरेल आणि हार्डी ही जाड्या-रड्याची जोडी १९२० च्या दशकापासून जगभर चालली. दोन न जुळणारे पोलीस हा प्रकार तिकडे १९८० च्या दशकात जोरात होता. 'लीथल वेपन' हा चित्रपट 'दे दणादण'च्याच वर्षीचा. पण आपल्याकडची नाळ शोधायची तर तमाशाकडे जावं लागतं. वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो आणि त्यांच्या पायात पाय घालणारा हवालदार किंवा सोंगाड्या असतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात हवालदाराचं काम करूनच दादा कोंडके गाजले. म्हणजे पडद्यावरचा पांडू हा बोर्डावरून उतरून आलेला माणूस आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांनी फड पाहिले होते, त्यांना हा हवालदार नवीन नव्हता.

हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ संशोधक प्रेक्षकाला कोरी पाटी समजतात. प्रेक्षक तंबूत शिरतो तो आधी पाहिलेलं सगळं डोक्यात घेऊन.

मत कागदावर कुठे सापडतं?

मी नेहमीच्या वाटेने गेले. तुम्हीही जाल, आणि जायलाच हवं. फक्त प्रत्येक कागद कुणाचं मत सांगतो, हे विचारत जा.

दादा कोंडके यांच्या नावावर लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांचा विक्रम आहे. मी हे सिनॉप्सिसमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण रौप्यमहोत्सव म्हणजे काय? एका चित्रपटगृहात सलग २५ आठवडे. हे मुंबई-पुण्याच्या पक्क्या थेटरांचं माप आहे. तंबू एका गावात काही दिवस, फार तर काही आठवडे राहायचा आणि रिळं बदलत जायची. देवणीत कुठलाच चित्रपट २५ आठवडे चालणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्या मापाने आपण "लोकांना आवडला" म्हणतो, त्या मापात देवणीचा माणूस मोजलाच जात नाही.

मग आत्मचरित्रं वाचली. दादांचं 'एकटा जीव', अशोक सराफ यांचं 'मी बहुरूपी', महेश कोठारे यांचं 'डॅम इट आणि बरंच काही'. तिन्ही जरूर वाचा, चित्रपट कसा घडतो ते कळतं. पण त्यात प्रेक्षक भेटतो तो बनवणाऱ्याच्या नजरेतून. ते कलावंताचं प्रेक्षकाविषयीचं मत झालं. प्रेक्षकाचं मत ते नव्हे.

मग सरकारी दप्तर. इथे मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला एक जादा मेहनत असते, ती नीट समजून घ्या. गाव जागेवरच राहतं, दप्तर फिरत राहतं. देवणीचा भाग निजामाच्या काळात बीदर जिल्ह्यात, उदगीर तालुक्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर उस्मानाबाद जिल्ह्याला जोडलं गेलं. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. देवणी तालुका झाला तो १९९९ मध्ये. म्हणजे १९७५ च्या तंबूच्या परवान्याचा कागद असलाच तर तो शोधायचा उदगीर आणि उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, दप्तरात. १९८७ चा शोधायचा उदगीर आणि लातूरला. देवणी तहसीलला जाऊन "तुमच्याकडे काही आहे का?" विचारलं तर तिथला कारकून खांदे उडवणारच. त्याची चूक नाही. त्या वर्षी ते ऑफिसच नव्हतं.

परवाने आणि करमणूक कराच्या नोंदी काय सांगतात? तंबू कुठे, केव्हा, किती तिकिटं, किती कर. १९७५ पासून राज्य सरकारने मराठी निर्मात्यांसाठी करपरताव्याची योजना सुरू केली. भरलेला कर परत मिळवायचा तर पुढचा चित्रपट काढायचा, अशी तिची अट होती. मराठी चित्रपटांची संख्या का वाढली, हे या कागदांतून कळतं. पण तिकीट काढणारा माणूस मधेच उठून गेला का, कशाला हसला, कशाला हसला नाही, हे तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर लिहिलेलं नसतं.

आणखी जुनं उदाहरण देते. इंग्रज सरकारने १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमॅटोग्राफ समिती नेमली. तिने प्रश्नावल्या पाठवल्या, शहरोशहरी साक्षी घेतल्या. भारतीय प्रेक्षकांवर काम करणाऱ्याला त्या साक्षींचे खंड म्हणजे खाणच आहे. पण ती समिती ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होती. आपण होतो निजामाच्या राज्यात. आणि साक्षी देणारे कोण, तर वकील, शिक्षक, अधिकारी, थेटरमालक. "खालच्या वर्गाला काय आवडतं" हे वरच्या वर्गाने सांगितलेलं. खालच्या वर्गाला विचारायला कुणी गेलं नाही.

प्रश्न बदलला तेव्हा

या टप्प्यावर मी जवळपास विषय बदलणार होते. तेव्हा सरांनी एमिली आल्टेनलोह हे नाव सांगितलं. जर्मनीतली ही विद्यार्थिनी. १९१४ मध्ये तिचा डॉक्टरेटचा प्रबंध प्रसिद्ध झाला, तो मानहाइम शहरातल्या सिनेमाच्या प्रेक्षकांवर. सिनेमाला कला म्हणायलाही लोक तयार नव्हते त्या काळात तिने कामगार, दुकानातल्या मुली, कारकून यांना विचारलं : तुम्ही केव्हा जाता, कुणाबरोबर जाता, दुसरं काय करता? "चित्रपट चांगला की वाईट" एवढ्यावर ती थांबली नाही.

मी माझी प्रश्नावली काढून पाहिली. पहिला प्रश्न : "आपणांस सदर चित्रपट कसा वाटला?" हा प्रश्न मी पारावर बसलेल्या बारा माणसांना विचारला होता. अकरा जण म्हणाले, "चांगला होता." बारावा म्हणाला, "तुमाला कसा वाटला बाई?"

हसू नका, बारावा माणूसच शहाणा होता. परक्या, शिकलेल्या, वहीपेन घेऊन आलेल्या मुलीला माणूस चांगलंच सांगतो. शिवाय हे दोन्ही चित्रपट पुढे टीव्हीवर कितीदा तरी लागले. तो मला १९८७ ची आठवण सांगत होता की मागच्या रविवारची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग मी प्रश्न बदलले. कुठे बसला होता? खाली की बाकड्यावर? कोण बरोबर होतं? घरी काय सांगून गेला होता? परत येताना काय बोललात? दुसऱ्या दिवशी कुणी नक्कल केली का? आणि शेवटी : त्यातलं एखादं नाव गावात कुणाला पडलं का?

या शेवटच्या प्रश्नावर पुढे येतेच.

तारखा, आणि तारखांच्या मागचं

आपल्याकडे माणसं साल सांगत नाहीत, खूण सांगतात. "दुष्काळाच्या नंतर" म्हणजे १९७२ नंतर. "जिल्हा झाला तवा" म्हणजे १९८२. "भूकंपाच्या आधी" म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी. या खुणांची एक यादी करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, फार कामाला येते.

पण खुणा जपून वापरा. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा १९९३ सालचा. एका आजींना मी सहज विचारलं, "तो बाहुल्याचा पिक्चर भूकंपाच्या आधी पाहिला की नंतर?" त्या गप्प झाल्या. त्यांच्या बहिणीचं सासर किल्लारीकडचं होतं. मी रेकॉर्डर बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही. प्रश्नावलीत जी ओळ केवळ कालनिश्चितीसाठी असते, ती समोरच्यासाठी तेवढीच नसते. त्यानंतर मी भूकंपाची खूण स्वतःहून कधी काढली नाही. कुणी काढली तर ऐकते.

आणि खुणा चुकीच्याही निघतात. एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं, "दे दणादण मी जिल्हा व्हायच्या आदी बगितला, तंबूत. दादा कोंडके अन् लक्ष्या." जिल्हा १९८२ चा, चित्रपट १९८७ चा, आणि त्यात दादा नाहीतच. माझ्यातल्या परीक्षार्थीने लगेच ही मुलाखत "अविश्वसनीय" म्हणून बाजूला ठेवली.

हीच माझी मोठी चूक. तुम्ही करू नका.

पुढे आणखी तिघांनी अशीच गल्लत केली, तेव्हा मी ती मुलाखत परत काढली. सगळ्यांची गल्लत एकाच जागी होत होती : दोन चित्रपटांमधल्या जोड्या एकमेकांत मिसळल्या होत्या. पांडूचा भोळेपणा लक्ष्याला चिकटला होता आणि लक्ष्याची हाणामारी पांडूला. गोष्ट कुणाला धड आठवत नव्हती. आठवत होता तो सांगाडा : एक हुशार, एक येडा, दोघं सरकारी कपड्यात, आणि शेवटी येडा जिंकतो. बारा वर्षांच्या अंतराने आलेले दोन चित्रपट लोकांनी मनात एकाच फळीवर ठेवले होते. तारीख ठरवायला ही आठवण निकामी. पण लोकांनी या चित्रपटांतून उचललं काय, हे तीच सांगते. चुकीची आठवणसुद्धा कशाची तरी साक्ष असते. ती कशाची, हे आपण शोधायचं.

सगळे एकाच विनोदाला हसत नव्हते

देवणी म्हटलं की बाहेरच्यांना देवणी गाय-बैल आठवतात, वानेरा, बालंक्या, शेवेरा. पण आमचा हा तालुका सीमेवरचा आहे हे लक्षात राहत नाही. पलीकडे बीदर जिल्हा. घरात कानडी, बाजारात मराठी, शेजारी दखनी, असं इथे सर्रास चालतं.

याचा चित्रपटाशी काय संबंध? भालकीकडून लग्न होऊन आलेल्या एका बाईंनी सांगितलं, "तवा मला मराठी येत नव्हती. दादा काय बोलला की बाप्ये हसलालते. मी विचारलं तर जाऊबाई सांगत नव्हत्या." त्यांना आधी वाटलं आपल्याला भाषा येत नाही म्हणून कळत नाही. पुढे मराठी शिकल्यावर कळलं, जाऊबाई का सांगत नव्हत्या. दादांचे द्वयर्थी संवाद बायकांनी कळूनही न कळल्यासारखे ऐकायचे असत. याच बाईंना 'दे दणादण' मात्र स्वच्छ आठवत होता, कारण तो त्यांनी मुलांबरोबर घरात पाहिला. गल्लीत गणपतीला वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणला होता. मारामारी कळायला भाषा लागत नाही, आणि सासऱ्यासमोर हसायला हरकत नव्हती.

इथून मला एक सूत्र मिळालं. "काय पाहिलं" याच्याइतकंच "कुठे आणि कुणासमोर पाहिलं" हे महत्त्वाचं. तंबूत दोरी बांधून बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. व्हिडिओला सगळं घर एकत्र. प्रेक्षक तोच, पण जागा बदलली की हसण्याची परवानगी बदलते. तुम्ही "ग्रामीण प्रेक्षक" असा एकच शब्द लिहिता तेव्हा ही दोरी पुसली जाते.

आता त्या हवालदारांची गोष्ट

"त्यातलं एखादं नाव गावात कुणाला पडलं का?" या प्रश्नावर बहुतेक जण एकाच माणसाकडे बोट दाखवत. निवृत्त पोलीस हवालदार. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलचे काही तपशील मी बदलले आहेत. महत्त्वाचं एवढंच की त्यांची भरती या दोन चित्रपटांच्या मधल्या काळातली.

ते आधी बोलायला तयार नव्हते. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "पांडू हवालदार मी उदगीरला बगितला. भरती व्हायच्या आदी. पोटभर हसलो. चार दिवस नक्कल केली, आई म्हणली पुरे आता."

मग भरती झाली. पहिल्या आठवड्यात बाजारात मागून आवाज आला : "ए पांडू!"

"तवा वाटलं, आपुनच शिकीवलंय लोकाला."

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे नाव त्यांच्यामागून गेलं नाही. तोंडावर "साहेब", पाठ वळली की "पांडू". मुलालाही शाळेत "पांडूचं पोरगं" म्हणत. मुलाने एकदा घरी विचारलं, "बाबा, तुमचं खरं नाव काय?" हे सांगताना ते हसले. मी हसले नाही.

मी विचारलं, मग 'दे दणादण'? तेव्हा ते नोकरीत होते. तंबूला बंदोबस्त होता आणि त्यांनी तो चित्रपट उभ्याने, कडेला कनातीला टेकून, तुकड्या-तुकड्यांत पाहिला. पडद्यावरच्या येड्या हवालदाराला शक्ती येते, तो गुंडांना उचलून आपटतो, तेव्हा पब्लिकने शिट्ट्या मारल्या आणि पुढच्या रांगेतली पोरं मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागली. "खुशीनं बगलालते. त्या दिवशी कुणी पांडू म्हणलं न्हाई."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पांडूच."

मंडळी, माझ्या पहिल्या प्रश्नावलीत या माणसाचं उत्तर "चांगला होता" एवढंच आलं असतं, आणि मी त्याला अकरा जणांच्या रकान्यात बारावा म्हणून टाकलं असतं. ते खोटंही झालं नसतं. त्यांना दोन्ही चित्रपट आवडतातच. पण ज्या चित्रपटावर ते पोटभर हसले, त्यानेच त्यांचं नाव घेतलं. आवडणं आणि लागणं एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतं, हे रकान्यांना कळत नाही.

तुमच्यातल्या काहींनी स्टुअर्ट हॉल वाचला असेल. १९७३ च्या निबंधात त्यांनी प्रेक्षकाच्या वाचनाचे तीन प्रकार मांडले : बनवणाऱ्याला हवा तसा अर्थ घेणारं, थोडं घेऊन थोडं सोडणारं, आणि थेट विरोधात जाणारं. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील. पण आमचे हवालदार १९७५ मध्ये पहिल्या प्रकारात होते, नोकरीत तिसऱ्या, आणि १९८७ च्या त्या रात्री कुठल्या, हे मला आजही ठरवता येत नाही. प्रेक्षक एकाच खान्यात राहत नाही. त्याचं वय बदलतं, कपडे बदलतात, आणि जुन्या चित्रपटाबद्दलचं मत मागे जाऊन बदलतं. सिद्धांत वापरा, पण माणसाला त्यात कोंबू नका.

एका साक्षीवर किती उभं करायचं?

सरांनी हा भाग वाचून पुन्हा तेच दोन शब्द लिहिले : "कशावरून?" या वेळी मला राग आला नाही.

एका मुलाखतीवरून "मराठवाड्यातल्या पोलिसांना या चित्रपटाने दुखावलं" असं लिहिता येत नाही. मग मी तीन गोष्टी केल्या. एक, त्यांच्या सांगण्यातल्या तपासता येतील अशा बाबी वेगळ्या काढल्या : जात्रेचा महिना, तंबूची जागा, बंदोबस्त. त्या दुसऱ्या दोघांकडून, त्यांचं नाव न घेता, विचारून घेतल्या. जागा आणि महिना जुळला. साल एकाने पुढचं सांगितलं. ते स्वाभाविक आहे, कारण मुंबईत प्रदर्शित झालेला चित्रपट तंबूपर्यंत यायला वेळ लागायचा. म्हणून प्रदर्शनाचं साल आणि गावात पाहिल्याचं साल हे माझ्या वहीत कायम वेगळे रकाने असतात. दोन, "पांडू" हा शब्द पोलिसांसाठी टिंगलीने वापरला जातो, याला माझ्या साक्षीदाराची गरज नाही. अख्खा महाराष्ट्र तो वापरतो. अगदी डिसेंबर २०२१ मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांची पोलिसांची जोडी घेऊन चित्रपट आला, त्याचं नावच 'पांडू' होतं. शेहेचाळीस वर्षांनंतरही एका शब्दात सगळ्यांना कळलं की गोष्ट हवालदाराची आहे. तीन, दावा लहान केला. आता माझं वाक्य असं आहे : "चित्रपटातील नाव टोपणनाव म्हणून व्यवहारात उतरले, आणि ज्यांच्यावर ते पडले त्यांच्या दृष्टीने विनोदाचा अर्थ बदलला, याची किमान एक साक्ष देवणी परिसरात मिळते." पहिल्या वाक्याइतकं ते दणदणीत नाही. पण कुणी "कशावरून?" विचारलं तर उत्तर आहे.

आणि एक शेवटची गोष्ट. मुलाखत लिहून झाल्यावर मी ती हवालदारांना वाचून दाखवली. हा नियम करा, समोरचा लिहितावाचता असो वा नसो. त्यांनी सगळं ऐकलं. मुलाची गोष्ट आली तेव्हा हात वर केला. मला वाटलं, ती काढायला सांगणार, आणि मनातल्या मनात मी हिशेब करायला लागले की ही गेली तर प्रकरणात उरतं काय. (असा हिशेब तुमच्याही मनात येईल. आला की ओळखा.)

ते म्हणाले, "ती राहू द्या. फक्त पोराचं नाव नको. अन् लिहा, की पिच्चर चांगला होता."

लिहिलंय.

तुमच्यासाठी गृहपाठ

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी तुमच्या विषयातलं असं एक वाक्य काढा, ज्यात "लोकांना", "ग्रामीण जनतेला", "प्रेक्षकांना" असा शब्द आहे. त्याखाली "कशावरून?" लिहा. मग एका पानावर तीन रकाने करा. पहिल्यात, या लोकांबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं काय आहे. दुसऱ्यात, या लोकांनी स्वतः मागे ठेवलेलं काय आहे : शब्द, टोपणनावं, नकला, म्हणी, जपून ठेवलेली वस्तू. तिसऱ्यात, आज जिवंत असलेल्या कुणाला विचारता येईल. पहिला रकाना लवकर भरतो. तो भरला म्हणून थांबू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिका कधीही बघायला मिळतील. तिसऱ्या रकान्यातली माणसं मात्र कायमची नाहीत. माझ्या यादीतल्या ज्या दोन तंबूवाल्यांना मी "नंतर भेटू" म्हणून मागे ठेवलं होतं, त्यातले एक आता नाहीत. परवान्याचा कागद मला अजून मिळू शकतो. तंबूत दिवा कोण विझवायचं आणि अंधार पडल्यावर पहिली शिट्टी कुठून यायची, हे आता मला ते सांगू शकणार नाहीत.

म्हणून पहिलं काम तिसऱ्या रकान्याचं. पेटचा अभ्यास चालू असतानाही रविवारी एक मुलाखत होते. करून बघा, आणि पहिला प्रश्न "कसा वाटला?" हा ठेवू नका.

पुढच्या लेखात तंबूच्या परवान्यांचे कागद उदगीर आणि धाराशिवला कसे मागायचे, अर्ज कसा लिहायचा, हे सांगते. तोवर तुमचं ते एक वाक्य मला कळवा.